काचांचं कपाट

लोणावळ्यात माझ्या औषधांच्या दुकानाशेजारी एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. उत्तर देण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती. काढलेल्या प्रत्येक फोटोची निगेटिव्हची काच ते जपून ठेवत. इथल्या दमट हवेत भिंतीवरचे फोटो बुरसटत आणि लोक नवी प्रत मागायला येत.

एका उन्हाळ्यात काचांचं कपाट भरलं. ते दुपारभर एकेक काच उजेडाकडे धरून बघत बसले.

मी म्हटलं, "बंगलेवाल्यांच्या ठेवा. खेड्यातल्यांच्या टाका. ते कुठं परत येतायत?"

त्यांनी चष्मा पुसला. "बंगलेवाल्यांकडे आणखी दहा फोटो असतात. ही माणसं जन्मात एकदाच येतात."

पावसाळा सरल्यावर डोंगरातल्या वाडीवरून एक म्हातारी आली. तिच्या हातातला फोटो पार पांढरा पडला होता.

"भाऊ, माझा ल्योक गेला. आता ह्यात त्याचं त्वांड बी दिसंना. दुसरा निघंल का?"

त्यांनी काच शोधून काढली. नवा फोटो मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बाकावर बसून होती.

ती गेल्यावर मी विचारलं, "मग तुम्ही टाकलं तरी काय?"

"आमच्या घरच्या काचा."

"लग्नाचीसुद्धा?"

"ती टाकताना बायकोला विचारलं. म्हणाली, टाका, मी आहे की समोर."