नव्व्याण्णव

परवा आत्याला खोकला झाला म्हणून टी. नगरच्या औषधाच्या दुकानात तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला, नव्व्याण्णव आकडा आला, आणि मला आईचा वॉर्ड आठवला. आतडं फुटून विष अंगभर पसरलं होतं, रक्तदाब कोसळून आई शॉकमध्ये होती. बाहेर चेन्नईचं ऊन पेटलेलं आणि तिची बोटं बर्फासारखी. गार बोटात ऑक्सिमीटरच्या क्लिपला नाडी सापडेना, मशीन सारखं केकाटायचं, आणि नर्स तमिळमध्ये आत्यावर खेकसायची, "क्लिप नीट धरता येत नाही का, अम्मा?" मी चहा पिऊन आले तर सगळं शांत, पडद्यावर नव्व्याण्णव. एन्नोरला ड्यूटीवर असलेल्या बाबांना मी तिथूनच फोन केला, "आई सुधारतेय, शिफ्ट संपवून सावकाश या." मग डॉक्टर आले. त्यांनी आकडा पाहिला, चादर सारून आईच्या गुडघ्यांवरचे जांभळे चट्टे पाहिले, तिचं नख दाबून सोडलं. ते पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. मग मशीनची वायर चाचपत ते आत्याच्या पदरापर्यंत पोचले. क्लिप तिच्या बोटाला होती. "मशीन ओरडत होतं, सिस्टर रागवत होत्या, म्हणून…" आत्या पुटपुटली. "तुमची तब्येत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले, "मरतेय ती पेशंट." बाबा सांगितल्याप्रमाणे सावकाश आले, शहाळं घेऊन, तोवर आईचा चेहरा झाकून झाला होता. परवा दुकानात आत्यानं आकडा वाचला आणि विचारलं, "चांगलाय ना गं?" मी म्हटलं, "तुझा नेहमीच चांगला असतो."