मावशीची टॉमी आणि पंधरा वर्षांची गाडी

मावशी आधी मारायची आणि मग विचारायची. "आधी विचारलं असतं तर खरं बोलला असता का तो?" हा तिचा त्यावरचा युक्तिवाद. ती माझ्या आईची मावसबहीण. माहेर मिरजेचं, नोकरी दिल्लीतल्या एका मंत्रालयात आणि राहणं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यातून ती डावखुरी. माणूस एका गालाची काळजी घेत असायचा आणि आवाज दुसऱ्या गालावर निघायचा. आता ती नाही. पण तिच्याबद्दल लिहायला बसले की अजून हात आपोआप गालाकडे जातो.

यूपीएससीची तयारी करायला मी परभणीहून दिल्लीला आले, तेव्हा ती निजामुद्दीन स्टेशनवर न्यायला आली होती. लोकांच्या मावश्या स्टेशनवर जवळ घेतात, "वाळलीस गं" म्हणतात. माझ्या मावशीच्या गाडीमागे एका टॅक्सीवाल्यानं आपली टॅक्सी आडवी लावली होती आणि तो बॉनेटवर बसून शेंगा खात होता. मावशीनं तीनदा हॉर्न दिला. तो म्हणाला, "दो मिनट रुको ना, आंटी." मावशीनं सीटखाली हात घातला आणि टॉमी काढली. टॉमी म्हणजे जॅक फिरवायची लोखंडी कांब, चांगली हात-दीड हात लांब. तिनं शांतपणे जाऊन टॅक्सीचा एक दिवा फोडला आणि दुसऱ्यावर टॉमी टेकवून विचारलं, "अब कितने मिनट?" टॅक्सी हलली. "बॅग मागं टाक," मावशी मला म्हणाली, "आणि बसल्याबरोबर दार लॉक कर. दिल्लीत पहिलं काम ते." मला ते जुनं लॉक काही लागेना. तिनंच आडवा हात घालून ते लावलं.

काका स्वभावानं अगदी गाय. तेही सरकारी नोकरीतच. "ही फोडते आणि मी जोडतो, आमच्या घरी कामाची वाटणी पक्की आहे," असं ते म्हणायचे. क्वार्टरखाली कडुनिंबाची सावली होती आणि तिथे गाडी लावायचा हक्क आपला आहे, असं मावशीचं ठाम मत होतं. एकदा वरच्या मजल्यावरच्या नव्या माणसानं तिथे आपली गाडी लावली. मावशीनं तिच्या चारही चाकांची हवा सोडली आणि पळून न जाता तिथेच उभी राहिली. तो खाली आला, त्यानं मावशीचे केस धरले आणि तिचं डोकं झाडावर आपटलं. मावशीनं त्याच्या गुडघ्यावर टॉमी घातली. तिच्या कपाळाला सहा टाके पडले, तो दोन महिने काठी घेऊन चालला. काकांनी पोलीस चौकीत दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला आणि समझोत्यावर सह्या घेतल्या. परत येताना मावशी म्हणाली, "सही केली म्हणजे जागा सोडली असं नाही." काका म्हणाले, "बिल्कुल नाही," आणि औषधाच्या दुकानाकडे वळले.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण तिचा मार मीही खाल्लाय आणि तो हसण्यासारखा नव्हता. एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर मेट्रोचा कंटाळा आला, म्हणून मी सीटमागे पैसे घेऊन माणसं भरणाऱ्या एका खासगी व्हॅनमधून घरी आले. आत चार अनोळखी पुरुष होते, मी एकटी. मावशी गॅलरीत उभी होती. मी जिना चढेपर्यंत ती खाली आली होती. तिनं मला अशी थप्पड मारली की मी दोन पायऱ्या घसरले आणि ओठ फुटला. "पुन्हा असल्या गाडीत बसलीस तर तंगड्या तोडून परभणीला पार्सल करीन!" मी रात्रभर तिचा तिरस्कार केला. बॅगसुद्धा भरली होती.

सकाळी काका चहा घेऊन माझ्याजवळ बसले. म्हणाले, "शुभा, तिचं डावं मनगट वाकडं का आहे माहितीये?" मग त्यांनी सांगितलं. गाडी घ्यायच्या आदल्या वर्षी मावशी ऑफिसातून खासगी बसनं घरी येत होती. भरलेली बस. चार जणांनी तिला मागच्या दाराजवळ कोंडलं. ती ओरडली तेव्हा लोकांनी खिडक्यांबाहेर बघायला सुरुवात केली आणि कंडक्टर म्हणाला, "मैडम, थोड़ा एडजस्ट कर लो." तिनं धावत्या बसमधून उडी मारली. मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. त्याआधी तिनं आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती, असं काका म्हणाले. वर्षभरात तिनं प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून गाडी घेतली, त्याच वाकड्या हातानं गिअर टाकायला शिकली, आणि पहिल्या दिवशी आत बसून दार लावून घेतल्यावर अर्धा तास गाडी सुरूच केली नाही. नुसती बसून राहिली. मी बॅग रिकामी केली. तिला माफ केलं असं नाही, पण तेव्हापासून मला ती कळायला लागली.

ती गाडी मी गेले तेव्हाच म्हातारी झाली होती. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की रस्त्यावर आणायची नाही असा नियम, आणि हिला चौदा पुरी झाली होती. चढावर धापा टाकायची, लाल दिव्याला बंद पडायची. कोटल्याचा मेकॅनिक सरदारजी मावशीला फार मानायचा, कारण तिनं एकदा त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला परस्पर धुतलं होतं. त्यानं स्वच्छ सांगितलं, "बहनजी, इंजन खोलना पड़ेगा. खोल दूँगा, चल भी जाएगी. लेकिन दिल्ली में कितने दिन? या तो एनओसी लेकर महाराष्ट्र भेज दो, या कबाड़ में दे दो."

काकांचं म्हणणं, भंगारात द्यावी. मेट्रो आहे, कॅब आहेत. मावशी म्हणाली, "कॅबचं दार कोण लॉक करतं? ड्रायव्हर. मेट्रोचं? ते आपोआप उघडतं." सहा महिने घरात हाच विषय होता. पोळ्या लाटताना वाद, टीव्हीसमोर वाद. एकदा काकांनी तिला न सांगता भंगारवाल्याला गाडी बघायला बोलावलं. मावशीनं त्याच्या कॉलरला धरून त्याला फाटकापर्यंत नेलं आणि वर येऊन काकांचा चहाचा कप भिंतीवर फेकला. काकांनी काचा गोळा केल्या. मावशी मोरीत तोंड धूत राहिली, बराच वेळ, आणि ती रडतेय हे आम्हा दोघांनाही कळलं. ती गाडी गेली की ती पुन्हा त्या बसच्या मागच्या दाराशी उभी राहणार होती, एवढं साधं होतं ते.

आता खंडेनवमीचं सांगते. आपल्याकडे नवमीला शस्त्रं आणि अवजारं पुजतात. बायका विळी पुजतात, सुतार करवत पुजतो. मावशी टॉमी पुजायची. पाटावर लाल कापड, त्यावर घासूनपुसून तेल लावलेली टॉमी, तिला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. शेजारची पंजाबी बाई दरवर्षी हात जोडून जायची आणि जाताना काकांकडे दयेनं बघायची. एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत शस्त्र पाटावरून हलवायचं नाही, हा मिरजेच्या घरचा नियम. बाकी कुठलाही नियम मावशी मोडायची, हा कधी मोडला नाही. गाडीची पूजा मात्र दसऱ्याला असायची, त्यामुळे नवमीला गाडी मोकळी.

त्या नवमीला दुपारी आम्ही दोघी गाझीपूरच्या मंडीतून दसऱ्याचा झेंडू घेऊन परतत होतो. मागची सीट फुलांनी भरलेली. उड्डाणपुलाच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मग मागच्या मोठ्या गाडीनं आम्हाला मुद्दाम धक्का दिला, एकदा आणि पुन्हा एकदा. त्यातून दोन दांडगे तरुण उतरले. एकाच्या हातात बॅट होती. आईबहिणीवरून शिव्या देत ते येत होते. मावशीचा हात सवयीनं सीटखाली गेला आणि तिथेच थांबला. टॉमी घरी पाटावर होती, झेंडूची माळ घालून.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली ती त्या एकाच वेळी. मग ती दार उघडून बाहेर गेली, पाठीनं ते धाडकन लावलं आणि ओरडली, "शुभे, लॉक कर!"

मी लॉक केलं.

तिनं पहिल्याच्या तोंडात अशी मारली की तो कोलमडून आमच्या बॉनेटवर आला. दुसऱ्यानं बॅट घातली. मावशीनं डावा हात वर केला आणि हाड मोडल्याचा आवाज मला काचेआड ऐकू आला. मग ते तिला लाथा मारत राहिले आणि ती दाराला पाठ लावून बसली, तिथून हलली नाही. एकानं बॅटनं पुढची काच फोडली, आरसा उडवला, माझ्या बाजूचं हँडल हिसडून पाहिलं. दार उघडलं नाही. काचेचे तुकडे आणि झेंडू माझ्या मांडीवर पडले होते. मी किंचाळत होते, पण लॉकवरचा हात मी काढला नाही. मी आत होते, ती बाहेर होती, आणि दार मी लावलं होतं. शेवटी एका ट्रकवाल्यानं ट्रक आडवा घातला आणि तो पाना घेऊन उतरला, तेव्हा ते दोघे पळाले. मी दार उघडून तिच्याकडे धावले, तशी मावशी माझ्या पायांवर कलंडली. तोंडातून रक्त येत होतं. म्हणाली, "तुला लागलं का गं?"

दोन बरगड्या आणि तेच मनगट. डॉक्टर म्हणाले, या हातानं आता गिअर टाकता येणार नाही. सरदारजी घरी येऊन रडला आणि म्हणाला की काच, पत्रा, इंजिन सगळं मी फुकट करतो, गाडी तुमच्या मिरजेला पाठवा. मी म्हणाले, "मावशी, मी गाडी शिकते. मी चालवीन." खरं सांगायचं तर ती गाडी दुरुस्त झाली असती, तर मी दार लावल्याचंही दुरुस्त होईल असं मला वाटत होतं. तिच्याशी नजर मिळवायची माझी हिंमत नव्हती.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मिरजेला मला कुणाची भीती आहे? तिथे मी पायी फिरते." मग माझ्याकडे वळली. "आणि तू अशी चोरासारखी बसू नकोस. आत बसून दार लावता यावं म्हणूनच घेतली होती गाडी. माझ्यासाठी घेतली होती, तुझ्या उपयोगी पडली. वसूल झाली. काढा आता." काकांनी चष्मा काढून पुसला. सहा महिने चाललेला वाद तिनं असा एका वाक्यात संपवला.

नोएडाच्या बाहेर गाड्या मोडायचं आवार होतं. आम्ही दोघीच गेलो, टोइंग व्हॅनला गाडी बांधून. काका आले नाहीत, त्यांना बघवणार नव्हतं. कागद झाले. घण घेऊन एक आडदांड माणूस पुढे आला आणि त्यानं हात उचलला. मावशीनं झटकन पुढे होऊन उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं. मी डोळे मिटले. आता एक बसणार, याची मला खात्रीच होती. पण आवाज आला नाही. डोळे उघडले, तर ती त्याला विचारत होती. मी तिला ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच ती आधी विचारत होती.

"भैया, पहले क्या तोड़ते हो?"

"काँच, माताजी. फिर दरवाज़े."

"दरवाज़ा सबसे आख़िर में तोड़ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या झोळीतल्या हाताकडे, आणि मान हलवली. पहिली काच फुटली तेव्हा आम्ही फाटकाबाहेर होतो. मावशीनं मागे वळून पाहिलं नाही. तिची चाल मात्र एकदम म्हातारीची झाली.

रस्त्यावर मी कॅब बोलवायला मोबाइल काढला. "चलो, ऑटो करू," मावशी म्हणाली. मी म्हणाले, "अगं, ऑटोला दार नसतं." ऑटो थांबली तशी तिनं मला आधी चढवलं, खांद्यानं ढकलत पार आतल्या बाजूला नेलं, आणि प्लास्टरमधला हात पोटाशी धरून उघड्या बाजूला, दाराच्या जागी, स्वतः बसली.