सुप्यात अडकलेला दहावा

मदत करावी म्हणून मी बोट पुढं करून प्रार्थनाघरात जमलेल्यांना मोजायला लागलो, “एक, दोन, तीन...” दाविदकाकांनी माझं बोट मुठीत धरून खाली वाकवलं. “घोडेगावच्या बाजारात बैल मोजतोयस का रे?”

काका चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीतल्या एकुलत्या यहुदी घरातले. आता मुलीकडे इस्रायलला असतात. त्यांच्यात माणसांवर आकडा टाकत नाहीत. दहा शब्दांचं हिब्रू वचन म्हणत एकेकावर एकेक शब्द ठेवतात. काकांनी म्हटलं, आणि शेवटचा शब्द तोंडातच राहिला. माणसं नऊच भरली.

दहा यहुदी पुरुष असल्याशिवाय आईच्या तिथीची प्रार्थना म्हणता येत नाही. हे प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग, पाडायच्या आधी काकांना ती तिथं शेवटची म्हणायची होती, त्यासाठीच ते इस्रायलहून आले होते. पुण्याहून निघालेला दहावा सुप्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि दारात जेसीबी घुरघुरत होता.

मी म्हटलं, “मला धरा की दहावा!”

“तू चांगला आहेस. पण चालत नाहीस.”

बिल्डरचे फोनावर फोन येत होते. शेवटी सोनईचा जेसीबीवालाच म्हणाला, “काका, डिझेल संपलंय म्हनून थाप मारतो. पन लई वेळ न्हाई जमायचं.”

“मार. देवाला घाई नसते, बिल्डरला असते.” शाळेत असताना या वाक्यात बिल्डरच्या जागी हेडमास्तर असायचे.

थाप संपली, दहावा आला नाही. काकाच बाहेर आले. “तुझी नोकरी जायला नको. चालव.”

पश्चिमेची भिंत शेवटी पडली. पवित्र ग्रंथांचं कपाट याच भिंतीच्या कमानीत असायचं. धूळ बसतेय तोच दहावा घामाघूम होऊन रिक्षातून उतरला. मला वाटलं, संपलं.

काका ढिगाऱ्यावर चढले आणि सिनेगॉग अजून उभंच असल्यासारखी एकेकाला जागा दाखवू लागले. “शलोम, खांबाजवळ. मोजेस, तू कठड्याच्या आत ये. आणि तुम्ही उशीरमहाराज, तुमच्या डोक्यावर बायकांची गॅलरी आहे. तुळई लागेल, वाका.”

तो साठीचा गृहस्थ भर उन्हात, मोकळ्या आकाशाखाली खरंच वाकला. हसलं कुणीच नाही. मीही गुपचूप डोक्यावर रुमाल टाकला.

काकांनी प्रार्थना सुरू केली. बाकीचे आमेन म्हणत गेले. प्रार्थना संपल्यावर काका मान वर करून कितीतरी वेळ उभे होते. वर काही नव्हतं, साधी घारसुद्धा नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि वर माझं निदान जोडलं, “ऊन लागलं असणार त्यांना.”

ती म्हणाली, “अहो, बायका वर बसायच्या ना? मग आईकडे बघायला माणूस वरच बघणार.”