रोलरवरचं कुंकू

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या कारखान्यात पोलादाच्या पातळ पट्टीवर लेप चढतो. हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्रांत त्या पट्टीच्या प्लेटा बसतात. एका टोकाला गुंडाळी सुटते, पट्टी धुऊन निघते, रोलरांवरून लेपाखाली जाते, पलीकडे पुन्हा गुंडाळली जाते — मध्ये थांबणं नाही. आत बोटाचा ठसाही चालत नाही. नियम माझाच. मी तिथला मॅनेजर.

खंडेनवमीला लाइनवरची ऑपरेटर सुनंदा मोरे म्हणाली, "सर, नवीन मशीन आहे. आतमध्ये नुसतं कुंकवाचं बोट लावते ना." मी सगळ्यांदेखत तिची टर उडवली. लोक हसले. तिने मुकाट्याने दारालाच हार घातला, पूजेचं ताट तिथेच ठेवलं.

आणि मग? पूजेसाठी लाइन अजून सुरू केली नव्हती, जेवणाच्या सुट्टीत आत कुणी नव्हतं. आधीचा माल खराब निघाला होता, हाही गेला तर माझी नोकरी जाणार होती. घाबरलो होतो, दुसरं काय! त्या ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि रोलरला टेकवलं. लगेच रुमालाने पुसलंही. पुसलं गेलं, असं मला वाटलं.

अख्खी गुंडाळी वाया गेली. रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला एक डाग — तिथे लेप धरलाच नाही. तपासणीत कुंकू निघालं. शेठनी विचारलं, "किसने किया?" नाव कुणीच घेतलं नाही, सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. कळतंय ना तुम्हाला? मीही तिच्याकडेच पाहिलं.

ती रडली, मुलांच्या शपथा घेतल्या. तिला काढलं. मी शिस्तीचा माणूस ठरलो.

परवा जेसल पार्कला भेटली. आता डबे करून देते. "बरे आहात ना सर?" म्हणाली, आणि मग स्वतःहूनच — "खूप विचार केला मी. ताट मीच सजवलेलं. माझ्याच हाताला, कपड्यांना कुठेतरी लागलेलं असणार. तेव्हा उगाच शपथा घेतल्या. सॉरी हां सर."

तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. नोकरीलाही आता धोका नाही.

मी म्हटलं, "जाऊ दे सुनंदा, होतं माणसाकडून."

केवढा हलका झाला तिचा चेहरा! मी तिला माफ केलं होतं.