इंदुताईंची नागीण आणि हिम्मतरावांचे उंदीर

हिम्मतराव बिरादार हैदराबादच्या एका फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणे घालायचे, ओळखीसाठी प्रत्येकाच्या शेपटीला खूण करायची आणि कामेश्वरी मॅडमचा प्रयोग सुरू झाला की स्टॉपवॉच धरायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. गावी, भालकीकडच्या लग्नांत कुणी विचारलं तर ते सांगत, "औषधांच्या संशोधनात आहे." त्यांच्या पत्नी इंदुताई लगेच पुस्ती जोडत, "उंदरांना दाणे घालतात."

त्र्याण्णव साली इंदुताईंना नागीण झाली. फोड महिन्याभरात वाळले, पण आग राहिली. उजव्या कमरेला साडी नुसती टेकली तरी विस्तव ठेवल्यासारखं होई. म्हणून त्या दिवसभर उजव्या हातानं साडी अंगापासून लांब धरून चालत. त्यांच्या गौलीगुडा मोहल्ल्यातल्या बायकांना वाटे, ताई चिखल चुकवताहेत. स्वयंपाकाला एकच हात उरल्यामुळे भाकऱ्या हिम्मतरावांकडे आल्या. त्या भाकऱ्या उंदरांनीही हुंगून सोडल्या असत्या.

शेवटी डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली. अफझलगंजच्या औषधवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि हळहळून म्हणाला, "अम्मा, ये तो उदासी की, दिमाग के मरीजां की गोली है जी."

घरी येताच इंदुताईंनी पाकीट हिम्मतरावांपुढे आपटलं. "आग कमरेला, आणि वेडी ठरवली मला!"

हिम्मतरावांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हीच तर आम्ही उंदरांना देतो!"

"म्हणजे वेड्यांची, आणि वरून उंदरांची?"

त्यानंतर तीन दिवस त्या टीव्हीकडे बघूनच बोलत होत्या. चौथ्या दिवशी हिम्मतराव मॅडमची परवानगी काढून त्यांना कॉलेजात घेऊन गेले.

त्या वर्षी कॉलेजात परदेशी बनावटीची, विजेवर तापणारी धातूची एक पट्टी आली होती. तिच्यावर उंदीर ठेवायचा, त्यानं पाय चाटला की वेळ टिपायची आणि लगेच उचलायचा. चाटला नाही तरी पंधराव्या सेकंदाला उचलायचाच. इंदुताईंच्या हातात घड्याळ दिलं. पहिला उंदीर पाच सेकंदांत पाय चाटायला लागला. दुसऱ्याला अर्ध्या तासापूर्वी गोळीचं औषध टोचलं होतं. तो शांतपणे मिशा साफ करत होता. अकराव्या सेकंदाला त्यानं पाय चाटला.

"पट्टी गार झाली असंल," इंदुताई म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी बोट टेकवलं. "अय्यो!" घड्याळ जमिनीवर पडलं.

मॅडमनी बोट नळाखाली धरलं. फुंकर घालत इंदुताईंनी दुसऱ्या उंदराकडे बघितलं. "हा उदास होता का हो?"

"उदास कशाला असेल?" हिम्मतराव म्हणाले. "दोन वेळा खायला आहे, भाडं नाही, बायको नाही."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "अम्मा, गोळी एकच, कामं दोन. एक उदासीवर, दुसरं दुखण्यावर. मेंदूतून खाली येणारा एक निरोप असतो, दुखणं कमी कर म्हणून सांगणारा. या गोळीनं तो जोरात जातो. उदास नसला तरी."

"मग तसं सांगायचं की त्या मेल्यानं!" इंदुताई म्हणाल्या. मेला म्हणजे औषधवाला.

त्या रात्री त्यांनी गोळी घेतली. पहिला आठवडा तोंडाला कोरड पडली आणि सकाळी नऊपर्यंत डोळे उघडेनात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हातात धरलेली साडी कधी सोडली ते त्यांनाच कळलं नाही. आग सगळी गेली नाही; मुंगी चावल्याइतकी उरली.

पुढच्या महिन्यात शेजारच्या भामाच्या मुलीचं लग्न होतं. इंदुताई जाड काठाची नारायणपेठ नेसून गेल्या आणि जेवणाच्या पंगतीत त्यांनी उंदराची सगळी कथा सांगितली, पट्टीवर बोट कसं टेकवलं ते करून दाखवत. वाढप संपायच्या आत गुडघेवाल्या, पाठवाल्या, मानवाल्या अशा सात बायका हिम्मतरावांभोवती जमल्या.

"भाऊ, आम्हाला पण आणा की ती गोळी!"

हिम्मतरावांनी हातातला लाडू खाली ठेवला. "आधी डॉक्टरला दाखवा. माझ्याकडे आलात तर पहिल्यांदा शेपटीला खूण करावी लागते."