न खेळलेल्या सामन्याची शपथ

पुरुषांच्या टेनिसमधील विजेतेपदांचे विक्रम मी अनेक वर्षे मुखोद्गत ठेवत आलो आहे. वेदपाठशाळेत बालपण गेलेल्या माणसाचे पाठांतराचे व्यसन सुटत नाही. संथा संपली की ते दुसरे काहीतरी धरते. कोणी कोणती स्पर्धा किती वेळा जिंकली, कोण कोणाकडून तांबड्या मातीवर हरला आणि कोण गवतावर, हे मला रोजच्या पूजेनंतर चंदनाचे हात धुताना आपोआप आठवत जाते.

हा खेळ सभ्य आहे असे म्हणतात. मला तो तसा कधी वाटला नाही. दोन माणसे मध्ये जाळी ठेवून, एकमेकांना स्पर्शही न करता, तासन्‌तास एकमेकांच्या देहातले बळ काढून घेतात. एकाच्या पोटरीत गोळा येतो. दुसरा ते पाहतो आणि चेंडू मुद्दाम त्याच पायाच्या बाजूला मारतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. अग्नी कुंडात असतो तोवर आपण त्याला देवता म्हणतो, एवढेच.

माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याचे दोन मुलगे माझ्याकडेच वाढले आणि हे वेड त्यांनीही घेतले. वसमतजवळच्या गावात आमची हळदीची शेती. दोघे ती एकत्र करीत, एकाच चुलीवर जेवत. धाकटा अविवाहित. थोरल्याचे लग्न होऊन बराच काळ लोटला होता, पण मूल नव्हते. औंढ्याला नागनाथाच्या पायऱ्या उतरून अभिषेक करता करता तो खंगला होता. त्या पौषात मात्र त्याच्या पत्नीचे दिवस भरत आले होते. तिच्या हातून कळशीसुद्धा तो काढून घेई.

जानेवारीतल्या त्या रविवारी ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेची अंतिम लढत दुपारी सुरू झाली. हळदीची काढणी चालू होती. भाऊ जेवायला घरी आले, कुदळी ओसरीच्या खांबाला टेकवल्या आणि तिथेच दूरदर्शनसमोर बसले. मैदानात थोरल्याच्या आवडीचा खेळाडू होता; धाकट्याचा आधीच्याच फेरीत बाद झालेला. त्या परदेशी माणसांच्या नावांचे इथे प्रयोजन नाही.

"तुझा पळपुटा हाय," थोरला म्हणाला. "पाचवा सेट आला की त्याची कंबर धरती."

"आन तुझा? पंचाशी भांडून भांडून म्हातारा झाला. दोघांच्या आपसातल्या सामन्यांत माझा एकानं पुढं हाय, दादा."

"बराबरी हाय. काहून फेकून राहिला?"

"एकानं पुढं."

"इतकी खात्री हाय तर उचल की बेल-भंडारा! का फाटली?"

थोरला हे हसत म्हणाला. पण आमचे कुलदैवत खंडोबा. बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा ओंजळीत घेऊन उच्चारलेला शब्द खोटा निघाला, तर तो एकट्या बोलणाऱ्यावर येत नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्या घरावर येतो आणि घरात जे सर्वांत कोवळे असेल त्याला आधी धरतो, अशी इथली श्रद्धा आहे. बांधाच्या भांडणातही माणसे ही शपथ घ्यायला कचरतात.

धाकटा उठला. माझ्या पूजेच्या तबकातून त्याने दोन्ही उचलले.

"ठेव ते," मी म्हणालो.

"माझा एकानं पुढं हाय. खोटं असंल तर खंडोबा बघून घेईल."

थोरल्याचे हसू तिथल्या तिथे विझले. स्वयंपाकघराच्या दारात त्याची पत्नी उभी होती. तिने ऐकले होते आणि तिचा हात पोटावर गेला होता. थोरल्याने खिशातून मोबाईल काढला, शोधले आणि धाकट्यापुढे धरला. बरोबरी.

"हे मोबाईलवाले एक सामना सोडून देऊन राहिले," धाकटा घाईने म्हणाला. "मागं एका स्पर्धेत, उपांत्य फेरीत, तुझ्यावाल्यानं सामन्याआधीच माघार घेतली होती. माझा पुढं गेला. मग जिंकलाच की! मोठे बाबा, तुमीच सांगा."

सामना चालू असताना कोणी सोडून दिला, तर समोरच्याचा तो विजय धरतात. पण मैदानात उतरण्यापूर्वीच माघार घेतली, तर समोरच्याला केवळ पुढे चाल मिळते. जय मिळत नाही. परस्परांच्या हिशेबात तो सामना झालेलाच नसतो. मला हा नियम नेहमी न्याय्य वाटत आला आहे. पुन्हा कोणी विचारले तरी मी तेच उत्तर देईन.

"बरोबरीच आहे," मी म्हणालो.

अज्ञानाने घेतलेल्या शपथेला प्रायश्चित्त आहे. स्नान, उपवास, देवापुढे क्षमायाचना. हे पुढचे वाक्य माझ्या ओठांवर होते, तोवर थोरल्याने कुदळ उचलली होती. लोखंडाचे पाते त्याने मागे धरले आणि दांड्याने मारले. पहिला घाव खांद्यावर बसला. धाकट्याने डोके वाचवायला उजवा हात वर केला. दुसरा घाव कोपरावर आला, आणि ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज झाला. भंडारा सगळीकडे उधळला. पिवळ्या धुळीत धाकटा लोळत होता, त्याच्या तोंडातून रक्त येत होते आणि थोरला प्रत्येक घावाला ओरडत होता:

"तुझ्यावरच पडू दे! तुझ्यावरच!"

मी त्याच्या कमरेला मिठी घातली. त्याने मला झटकले तसा मी जात्यावर जाऊन आपटलो. त्याची पत्नी किंचाळत पुढे आली आणि धाकट्यावर वाकून उभी राहिली. दांडा तिच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबला. माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब क्षण ते. मग त्याने कुदळ टाकली आणि तो अंगणात निघून गेला.

सरकारी दवाखान्यात धाकट्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलो असे सांगितले. डॉक्टरने दोघांकडे पाहिले आणि तेच लिहिले. हाड बसवले, पण कोपर पुन्हा पूर्ण वाकले नाही. तो घरी परतला नाही. शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारच्या खोपटात, राहू लागला.

थोरला माझ्याशी एकदाच त्याविषयी बोलला. त्याच्या मुद्रेवर पश्चात्ताप नव्हता, शांती होती, आणि मला तिचीच भीती वाटली.

"मोठे बाबा, शपथ कुठं तरी पडणारच होती. म्या ती लेकरावरून वळवली."

"देवाला तुझ्या दांड्याची गरज नव्हती," मी म्हणालो.

"मग लेकरू सुखरूप आलं तर काय म्हणताल?"

मुलगी सुखरूप आली. बाराव्या दिवसानंतर थोरला तिला दुपट्यात घेऊन आखाड्यावर निघाला. त्याची पत्नी आणि मी मागे. त्याच्या चालण्यात विजय होता. धाकटा बाजेवर बसला होता. तो उठला नाही.

"घे," थोरला म्हणाला. "काहीच झालं न्हाई बघ तिला."

धाकट्याने दोन्ही हात पुढे केले. डावा वाकला. उजवा काठीसारखा ताठ राहिला. लेकराचे डोके त्यावरून घसरू लागले तसे त्याच्या वहिनीने झेप घालून तिला छातीशी ओढले. मुलगी जोरात रडू लागली.

"न्हाई धरता येत, दादा," धाकटा म्हणाला.

थोरला त्या हाताकडे पाहत राहिला. त्या दिवसापासून त्याने तो नीट पाहिलाच नव्हता. त्याचे तोंड उघडले. आता तो पुन्हा शपथेचे काही बोलेल असे मला वाटले. पण तो खाली बसला, भावाचा हात दोन्ही हातांत धरला आणि सावकाश वाकवून पाहू लागला. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. हात वाकला नाही. तरी तो वाकवतच राहिला, जणू जोर कमी पडतो आहे.

"सोड," धाकटा म्हणाला. "दुखून राहिलंय. सोड ना, दादा."