वरची भाकरी, खालची भाकरी

मंगळवारी सकाळी हे गेले. मुलगा डॉक्टरांना घेऊन आला, तोवर मी गॅसवरचा चहा उतरवून ठेवला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं यांच्याबद्दल चांगलं बोलतात... सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकून घेते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ऐंशीच्या दशकातलं आमचं घाटकोपरचं दोन खोल्यांचं घर येतं आणि कोपरापर्यंत खिमा माखलेला एक खूश माणूस.

त्या वर्षी मला मुलुंडच्या एका वाचनालयात नोकरी मिळाली होती. दुपारी जायचं, दिवेलागणीनंतर परतायचं. पुस्तकांमध्ये बसायचं आणि वर पगार घ्यायचा, हे मला खरंच वाटेना. प्रश्न एकच होता, रात्रीच्या भाकऱ्यांचा. सासूबाई साताऱ्याकडच्या. संधिवाताने त्यांची मनगटं धरलेली, आणि गरम भाकरीशिवाय त्यांच्या लेखी ते जेवणच नव्हे. "आठ दिस बघू," त्या म्हणाल्या. "पोरांची आबाळ झाली तर नोकरी सोडायची." यावर हे म्हणाले, "भाकऱ्या मी करतो की."

हे सांताक्रूझला, विमानातलं जेवण तयार होतं तिथे कामाला होते. नातेवाइकांना वाटे, मोठे आचारी आहेत. प्रत्यक्षात हे भांडारात काटे-चमचे सांभाळत. पहिल्या संध्याकाळी यांनी घराचं दार लावून भाकरी थापली. तव्यावर टाकताना ती फाटली. दुसरीला चारी बाजूंनी चिरा. मुलगी म्हणाली, "बाबा, हा गुजरात झाला. आता महाराष्ट्र करा ना!" आम्ही पोट धरून हसलो, सासूबाई सोडून. त्या आठवडाभर आमटीभात चिवडून उठत राहिल्या. गुरुवारी मला म्हणाल्या, "सोमवारी जाऊन सांगून ये बाई, न्हाई जमत म्हनून." मी "बरं" म्हटलं. त्यांचंही खोटं नव्हतं... भूक तर त्यांनाच लागत होती.

शुक्रवारी मी परतले तेव्हा जिन्यातच वास आला. आज दार सताड उघडं होतं. आत यांनी खिमा, उकडलेला बटाटा, आलं-लसूण, मिरची आणि पाण्यात भिजवून पिळलेला पाव एकत्र मळला होता. मुलगा गोळे करत होता, हे ते वाटीच्या बुडाने चपटे करून भाकरीच्याच तव्यावर सोडत होते. कामावरच्या आचाऱ्यांना करताना रोज बघत होते म्हणे. बेकरीतले गोल पाव मधोमध कापून ठेवलेले, शेजारी कांद्याच्या चकत्या. "याला हॅम्बर्गर म्हणतात," हे म्हणाले. "लाटणं नाही, थापणं नाही. अर्ध्या तासात पानं!"

आणि खरंच पानं मांडली. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, लसणाची चटणी. मध्ये तो बर्गर.

सासूबाईंनी तो बोटाने ढकलून पाहिला. "इलासा, ह्ये खाणं झालं. जेवाण कुटं हाय?"

यांनी शांतपणे त्यांच्या ताटातला वरचा पाव उचलून बाजूला ठेवला. "आई, नीट बघ. ही वरची भाकरी. हा खिमा, हा कांदा. आणि ही खालची भाकरी."

"मला येडी समजतो व्हय रं?"

"छे गं. खाऊन तर बघ."

त्यांनी पाव मोडला, खिम्याचा तुकडा चटणीला लावला, कांदा घेतला आणि घास तोंडात घातला. बराच वेळ चावत होत्या. आम्ही चौघेही हात आवरून बसलेले. मग त्या यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "आजून येक भाकर वाढ."

मुलांनी टाळ्या पिटल्या. पुढे मी निवृत्त होईपर्यंत त्या नोकरीचा विषय सासूबाईंनी पुन्हा काढला नाही. शुक्रवार बर्गरचा ठरूनच गेला; बाकीच्या दिवशी त्या यांची वेडीवाकडी भाकरीही खाऊ लागल्या. एकदा तर त्या शेजारणीला ऐटीत सांगत होत्या, "आमचा इलास इमानातलं जेवाण करतो." मुलं मोठी झाली, आम्हाला हॉटेलात नेऊ लागली. तिथेही हे बर्गर उघडायचे आणि वेटरकडे मीठ मागायचे. मुलं लाजायची, हे आणखी खुलायचे.

तवा अजून तोच आहे. शुक्रवारी आता बर्गर मी करते. ताटात डावीकडे मीठ वाढते, वरचा पाव काढून बाजूला ठेवते आणि जेवते.